इंटर्नशिप आणि रोजचा चार तासांचा रेल्वेप्रवास

पहिला आठवडा हौसेत जातो, तिसऱ्यात अंग बोलायला लागतं. म्हणून आधी रात्रीची झोप सांभाळ. गाडीतल्या डुलकीने ती भरून निघत नाही. डुलकी घ्यायचीच तर फोनवर २० मिनिटांचा गजर लाव. जास्त वेळ गेला की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि ऑफिसात पोचल्यावरही डोकं जड राहतं. (मी एकदा चार स्टेशनं पुढे गेलो होतो, तेही नेमकं पहिल्या मीटिंगच्या दिवशी.)

वाचताना मळमळतं? डोळे पानावर स्थिर असतात, पण आतल्या कानाला गाडीची हालचाल जाणवते, त्या गोंधळामुळे होतं ते. पुस्तक मीट, खिडकीतून लांबवर बघ, नाहीतर सरळ काहीतरी ऐक. मात्र डब्याच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेऊ नकोस, कानांचं नुकसान कळायच्या आत होतं.

उभं राहावं लागलं तर पाय एकमेकांपासून थोडे दूर, गुडघे सैल, पाठीवरची सॅक पुढे. आणि गाडीला उशीर असेल तर वरिष्ठांना फलाटावरूनच कळव. पोचल्यावर सांगितलेलं खरं कारणही सबबीसारखं वाटतं.