पहिलं भारी, मग दुसरं असं का?

प्रश्न: फ्रीकॉनॉमिक्स एका दमात वाचून काढलं, मग हौसेने सुपरफ्रीकॉनॉमिक्स घेतलं आणि हवामानाच्या प्रकरणापर्यंत येता येता पार कंटाळलो. मलाच कळत नाहीये की पुस्तकच पातळ आहे? पुढचे भाग वाचू का?
– एक वाचक

उत्तर: पुस्तकच पातळ आहे हो. 2005 च्या पहिल्या भागात सुमो पैलवानांची फिक्सिंग, शिकागोतल्या शिक्षकांची चीटिंग वगैरे जे भारी वाटलं ना, ते त्याच्या लेखकांपैकी एक, अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट, याचं स्वतःचं, आधी रिसर्च पेपर म्हणून आलेलं काम होतं. सुमोचंच बघा, 15 कुस्त्यांपैकी 8 जिंकल्या की पैलवानाचं रँकिंग सुरक्षित, आता शेवटच्या दिवशी एकजण 7-7 वर (7 जिंकल्या, 7 हरल्या) अडकलाय आणि समोरचा 8-6 वर, म्हणजे त्याचं काम झालेलं, तर अशा कुस्त्यांत अडकलेला जवळपास 80 टक्के वेळा जिंकतो, एरवीच्या हिशोबाने निम्म्याही जिंकायला नकोत! इथे आकडेच चोर पकडून देतात. (अॅबॉर्शन कायदेशीर झाल्याने गुन्हेगारी घटली, या दाव्यावरून तेव्हाही भांडणं झाली, पण ती निदान डेटावरून.)

2009 च्या दुसऱ्या भागात ही शिल्लक संपल्यासारखी वाटते. दारू पिऊन चालणं हे पिऊन गाडी चालवण्यापेक्षा मैलामागे 8 पट जीवघेणं, असं ठोकून दिलंय, पण लोक पिऊन चालतात किती हे मोजलंय कोणी? गाडीवाल्यांचं प्रमाण उचलून पायी चालणाऱ्यांना चिकटवलंय, झालं.

हवामानाचं प्रकरण तर कहर. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पृथ्वी साधारण अर्धा अंश गार झाली हे खरंय, म्हणून मग पाइप लावून आपणच सल्फर वर सोडू म्हणे! पण कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राचं पाणी आम्लधर्मी होतंय ते यानं थांबत नाही. ज्या हवामानशास्त्रज्ञ केन काल्डेराचा दाखला दिला त्यानेच माझं म्हणणं नीट मांडलं नाही म्हणून तक्रार केली, आणि सोलर पॅनल काळे म्हणून उष्णता वाढवतात या मुद्द्यावर तर तेव्हा लेविटच्याच विद्यापीठात असलेल्या हवामानशास्त्रज्ञ रेमंड पियरहंबर्ट यांनी जाहीर पत्र लिहून साधा गुणाकार-भागाकार करून दाखवला की ही उष्णता, कार्बन वाचल्यामुळे जी उष्णता टळते तिच्यापुढे किरकोळ आहे. जरा चौकशी केली असती तरी चाललं असतं की!

2014 चं थिंक लाइक अ फ्रीक लायब्ररीत मिळालं तर चाळा, ते जास्त करून ‘विचार कसा करावा’ छाप आहे. 2015 चं पुस्तक मात्र लेखकांच्या ब्लॉगवरच्या जुन्या पोस्टींचं संकलन आहे, त्यावर पैसे घालवू नका.