यादवी युद्ध संपल्यावर चर्च प्रार्थनेपलीकडे काही करतं का?

हो करतं, दोन्ही बाजूंना बोलायला बसवण्यापासून ते घराघरातल्या बंदुका गोळा करण्यापर्यंत. ठाण्यात आमच्या पॅरिशच्या युथ ग्रुपला मी हा विषय शिकवते म्हणून मोझांबिकचंच सांगते. तिथलं १९७७ पासूनचं युद्ध १९९२ ला रोममध्ये करार होऊन थांबलं, सरकार आणि रेनामो या बंडखोर गटाची बोलणी सांत एजिदिओ या कॅथलिक संघटनेने घडवली, बैराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्व्हिश पण मध्यस्थांत होते. पण मला त्याहून मोठं वाटतं ते नंतरचं काम, १९९५ पासून तिथल्या ख्रिश्चन कौन्सिलने बंदूक आणून द्या आणि कुदळ, शिलाई मशीन नाहीतर सायकल घेऊन जा अशी योजना चालवली, बंदुका कापून निकामी केल्या आणि त्या तुकड्यांची कलाकारांनी शिल्पं केली, त्यातली एक खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बघा फोटो, तिची पाठ चक्क रायफलींच्या दस्त्यांची आहे. फक्त सगळीकडे चर्च असं वागलं नाही हं. रवांडात १९९४ ला तुत्सी लोकांचं हत्याकांड झालं तेव्हा न्तारामा, न्यामाटा या गावांच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्यांनाच मारलं, देशात काही फादर, सिस्टर्ससुद्धा हत्याकांडात सामील होते आणि पोप फ्रान्सिसनी त्याबद्दल देवाची क्षमा मागितली ती २०१७ मध्ये.