कचरागाडीचा रिव्हर्स भोंगा

प्रश्न : पहाटे साडेपाचला कचऱ्याचा कॉम्पॅक्टर सोसायटीत मागे येताना कर्कश टीं-टीं वाजते. भोंगा बंद करायला सांगावा का?

उत्तर : मुळीच नको. गाडीच्या अगदी मागचा भाग चालकाला आरशात दिसत नाही, आणि सफाई कामगार नेमका तिथेच उभा असतो. मागणी करा ती भोंगा बदलण्याची. एकसुरी टीं-टीं दूरवर जाते, पण कुठून येते ते नीट कळत नाही. ‘व्हाइट नॉइज’ म्हणजे अनेक सूर एकत्र मिसळलेला भोंगा खस्स-खस्स वाजतो. दिशा चटकन उमगते, आवाजही लवकर विरतो. तो रिव्हर्स दिव्याच्या वायरीवरच बसतो. भोंग्याचे व्होल्टेज मात्र गाडीइतकेच हवे. त्याहून सोपे म्हणजे डबे रात्रीच फाटकाशी ठेवा, गाडीला मागे यावेच लागणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र सकाळी ६ पर्यंत असते आणि निवासी भागात तेव्हा मर्यादा ४५ डेसिबल. फेरी सहानंतर मागणे रास्तच.