एकाच ठिपक्याचे दोन रंग

प्रश्न : वय ६६. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून तपासण्या केल्या, त्यात पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ७.८ निघाला. एमआरआयच्या रिपोर्टात प्रोस्टेटच्या कडेच्या भागात ९ मिलिमीटरची गाठ, 'डिफ्युजन रिस्ट्रिक्शन, पायरॅड्स ४' असं लिहिलंय. मुलानं फिल्म उजेडाला धरली तर तोच ठिपका एका चित्रात पांढरा आणि शेजारच्यात काळा! चित्रं उलटसुलट छापली गेली का? शिरेतून इंजेक्शनही दिलं नाही. एवढ्यावरून कॅन्सर समजायचा का?

उत्तर : मुलाची नजर चांगली आहे. पण छपाई बरोबर आहे, आणि पांढरा-काळा दोन्ही खरं आहे.

तुमच्या ओळखीच्या जागेवरूनच सांगतो. गोदाम रिकामं असलं की उंदीर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळतो. पोत्यांची थप्पी छताला लागली की जागच्या जागी अडकतो. प्रोस्टेटच्या कडेच्या भागात निरोगी ग्रंथींच्या नळ्या पोकळ असतात, त्यात पाण्याचे रेणू मोकळे हिंडतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीनं वाढतात आणि पाण्याची वाट अडते. रिपोर्टातलं 'डिफ्युजन रिस्ट्रिक्शन' ते हेच. यंत्र आधी एक चुंबकी धक्का देतं, क्षणभरानं तो पुसणारा दुसरा. जागेवरच राहिलेल्या पाण्याचा हिशेब बरोबर जुळतो आणि त्याचा सिग्नल टिकतो, म्हणून ठिपका पांढरा. जे पाणी भटकलं, त्याचा सिग्नल विरतो. मग असे कमी-जास्त जोराचे धक्के देऊन संगणक पाण्याच्या हालचालीचा नकाशा काढतो. एडीसी म्हणतात तो हाच. त्यात हालचाल कमी तिथे काळं. दोन्हीकडे एकाच जागी असं दिसलं की आम्ही सावध होतो.

इंजेक्शनचं म्हणाल, तर कडेच्या भागातले पायरॅड्सचे गुण (कॅन्सरचा संशय किती, ते १ ते ५ मध्ये सांगणारे) मुख्यतः डिफ्युजनवरच ठरतात. तिथे ३ आले असते तर इंजेक्शननं ते ४ होऊ शकले असते. तुमचे आधीच ४ आहेत. दीड सेंटिमीटर किंवा मोठी गाठ असती तर ५ दिले असते.

आता कॅन्सरचं. डिफ्युजनला दिसते ती दाटी. ती कशामुळे झाली, हे त्याला कळत नाही. जुनी सूजही तशीच दिसते. नवीन असताना मी एका रिपोर्टात छातीठोकपणे कॅन्सर लिहून मोकळा झालो होतो, आणि बायोप्सीत निघाला क्षय! त्या घरात आठ दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आजही पायरॅड्सचा आकडा टाइप करताना ते घर आठवतं.

ब्रिटनमधल्या 'प्रोमिस' अभ्यासात (२०१७) ५७६ पुरुषांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली. अंगावर येणाऱ्या जातीचे ९३ टक्के कॅन्सर एमआरआयनं हेरले. सोनोग्राफी लावून ठरावीक जागांचे तुकडे घेणाऱ्या नेहमीच्या बायोप्सीनं ४८ टक्केच. पण तसा कॅन्सर नसलेल्या शंभरांतल्या जेमतेम ४१ जणांनाच एमआरआयनं 'ठीक' म्हटलं. बाकीच्यांना उगाच घोर.

म्हणून बायोप्सी कराच, टाळू नका. मात्र तुकडे त्या ९ मिलिमीटरच्या ठिपक्यातून यायला हवेत. सोनोग्राफीत एवढी गाठ बऱ्याचदा दिसतच नाही. तेव्हा नुसती फिल्म न नेता सीडी न्या आणि एमआरआयची चित्रं सोनोग्राफीवर जुळवून सुई घालायची सोय आहे का, ते युरॉलॉजिस्टना विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका.

आणि रात्रीचं उठणं? ते बहुधा मधला भाग वाढल्यामुळे असावं, या ठिपक्यामुळे नव्हे. त्यासाठी वेगळ्या गोळ्या मिळतात. बायोप्सीच्या गडबडीत ते विचारायचं राहून जातं, चिठ्ठीवर लिहून न्या.