फिल्टरचा संच ४६ हजारांचा, गरज एका काचेची

प्रश्न नाशिकच्या एका वाचकाचा आहे. वय ३४, खासगी कंपनीत नोकरी, हातात पगार ६२ हजार. गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च ४८ हजार, एसआयपी ६ हजार. बचत खात्यात एक लाख दहा हजार. मुलगी दोन वर्षांची. कॅमेऱ्याला दोन लेन्स, एक ५८ आणि दुसरी ६७ मिलिमीटर व्यासाची. निसर्गचित्रणासाठी लेन्सपुढे लावायच्या चौकोनी फिल्टरचा संच घ्यायचाय: होल्डर, पोलरायझर (चकाकी कापणारी काच), सहा आणि दहा स्टॉपचे एनडी (प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), शिवाय एक ग्रॅज्युएटेड एनडी (वर गडद, खाली पारदर्शक). किंमत ४६ हजार. दुकानदार नऊ महिन्यांचा 'नो कॉस्ट ईएमआय' देतोय. सप्टेंबरात कास आणि भंडारदऱ्याला जायचंय. विचारलंय असं: हप्त्यावर घेऊ, की दोन महिने एसआयपी थांबवून बाकीचे बचतीतून काढू?

नमस्कार. दोन्ही नको. पण छंदावर खर्चच करू नका, असंही मी म्हणणार नाही. तुमच्या वयाची माणसं यापेक्षा जास्त पैसे दर दोन वर्षांनी मोबाइल बदलण्यात घालवतात आणि मला विचारतसुद्धा नाहीत.

आधी हप्त्याचं बघू. महिना ५,१११ रुपये. व्याज शून्य वाटतं, पण शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज असतं, ते दुकानदार किंवा कंपनी सवलतीच्या रूपात भरते. दर १५ टक्के धरला तर ही रक्कम साधारण २,७०० होते. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे पाचशेच्या आसपास, तुमच्या माथी येतो, वर प्रोसेसिंग फी वेगळी. हे पैसे किरकोळ आहेत. मात्र दुकानदार व्याजापोटी जे सोडतोय, ते रोखीने घेणाऱ्यालाही सोडू शकतो. तेवढं विचारून बघा, पुढे कधीतरी उपयोगी पडेल.

खरं दुखणं दुसरीकडे आहे. तुमच्याकडे महिन्याला ८ हजार उरतात आणि घरखर्च ४८ हजार. म्हणजे बचतीतले एक लाख दहा हजार सव्वादोन महिने पुरतील. गृहकर्ज आणि लहान मूल असताना मला तिथे किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २ लाख ८८ हजार हवेत. हप्ता सुरू झाला की शिल्लक तीन हजारांच्या आत येते आणि नऊ महिने हा खड्डा जवळपास तसाच राहतो. बचतीतून काढलेत तर तो आणखी खोल होईल.

आता संचाकडे येऊ. मीही बरीच वर्षं पावसाळ्यात कॅमेरा घेऊन सह्याद्रीत भिजतोय, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. फिल्टर घेताना मी एकच कसोटी लावतो: हे काम नंतर संगणकावर होतं का?

पोलरायझरचं होत नाही. ओला काळा कातळ, धुतलेली पानं, डोहाचं पाणी यांवरची चकाकी एकदा फोटोत आली की तिच्याखालचा रंग परत मिळत नाही. पोलरायझर फिरवला की ती तिथल्या तिथे उतरते. पावसाळी सह्याद्री म्हणजे सगळी चकाकीच, त्यामुळे कासच्या फुलांना आणि भंडारदऱ्याच्या धबधब्यांना हीच काच लागणार. शिवाय ती दीड-दोन स्टॉप प्रकाश खाते. ढगाळ हवेत शटर १/३० सेकंदाऐवजी १/८ सेकंद उघडा राहतो आणि तेवढ्यात पाण्याला रेशमी धार येते. एनडीचं अर्धं काम इथेच झालं. फक्त वाइड लेन्सवर निळं आकाश पकडताना जपा, एका बाजूला गडद डाग पडतो.

ग्रॅज्युएटेड एनडी मात्र सोडून द्या. त्याला समुद्रासारखं सरळ क्षितिज लागतं. आपल्या डोंगररांगांत कड्याचा माथा त्या गडद पट्ट्यात शिरतो आणि काळाठिक्कर पडतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमीजास्त उजेडाचे, फोटो काढून जोडले की काम भागतं. माझा रेझिनचा ग्रॅज्युएटेड फिल्टर रतनगडावर पावसात रुमालाने पुसला आणि ओरखड्यांनी वाया गेला. त्यानंतर मी दुसरा घेतला नाही, घ्यावासाही वाटला नाही.

दहा स्टॉपचा एनडी तुम्ही वर्षातून दोनदा काढाल, तोही कोकणात गेलात तर. सहा स्टॉपचा उपयोगी आहे, १/१५ चे चार सेकंद करतो. पण तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की ट्रायपॉड लग्नाचे व्हिडिओ काढायला घेतलेला, अठराशे रुपयांचा आहे. घाटातल्या वाऱ्यात तो चार सेकंद स्थिर राहणार नाही. म्हणजे ४६ हजारांचा संच आणल्यावर महिनाभरात ट्रायपॉडसाठी आणखी दहा हजार निघणारच होते. आणि कासला वाऱ्यावर फुलं डुलत असताना एनडी लावला तर नुसता रंगांचा चिखल होतो.

तेव्हा या महिन्यात ७७ मिलिमीटरचा बऱ्या कंपनीचा गोल पोलरायझर घ्या, पाच-सहा हजारांत येईल. सोबत ५८ आणि ६७ वरून ७७ वर नेणाऱ्या दोन स्टेप-अप रिंग, प्रत्येकी दोन-चारशे रुपयांच्या. एकच काच दोन्ही लेन्सवर बसेल, उद्या मोठी लेन्स घेतलीत तरी चालेल. अडचण एवढीच की लेन्सचा हूड बसणार नाही, उन्हात हाताने आडोसा धरावा लागेल. खर्च महिन्याच्या शिल्लकीत बसतो. एसआयपीला आणि बचतीला हात लागत नाही. दुकानदार यूव्ही फिल्टरही गळ्यात मारायला बघेल. डिजिटल कॅमेऱ्याला तो काच सांभाळण्यापुरताच, नको म्हणा.

पुढच्या महिन्यापासून उरणारे आठही हजार बचतीत टाका. दिवाळीचा बोनस मिळेल असं लिहिलंय. त्यातून आठ-दहा हजारांचा मजबूत ट्रायपॉड घ्या, मग सहा स्टॉपचा गोल एनडी, तोही ७७ चाच. सगळं मिळून वीस-बावीस हजारांत भागतं. चौकोनी होल्डरचा मोह त्यानंतरही टिकला, तर तो आधी एखाद्या शनिवार-रविवारी भाड्याने आणून वापरून बघा. आणि विकायची वेळ आली, तर वापरलेल्या लेन्सला गिऱ्हाईक मिळतं, वापरलेल्या फिल्टरला क्वचितच.

एक गोष्ट मात्र पत्रात कुठेच सापडली नाही. गृहकर्ज आहे, मुलगी लहान आहे, पण मुदत विम्याचा उल्लेख नाही. असेल तर रक्कम कळवा. नसेल तर बोनसमधून पहिला हप्ता त्याचा भरा, ट्रायपॉड त्यानंतर.