वाचकांचे प्रश्न : गाण्याच्या स्पर्धा आणि आपले कान

प्रश्न : २००८-०९ मध्ये ‘झी मराठी’वर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ चालू होते, तेव्हा आमच्या घरी त्या वेळेआधी जेवणे उरकली जात. महाअंतिम फेरीचा निकाल लागला त्या रात्री मी नाराज झालो, कारण माझ्या मते आर्या आंबेकर हिचे गाणे सर्वांत सरस होते. तेव्हापासून मराठी आणि हिंदी अशा बहुतेक स्पर्धा मी पाहत आलो आहे. आता परीक्षक प्रत्येकाला डोक्यावर घेतात, गाण्यापेक्षा घरच्या परिस्थितीची चित्रफीत लांबते आणि गाणे संपल्यावर मनात काही उरत नाही. सूनबाई म्हणतात, “बाबा, तुम्हाला जुने तेच सोने वाटते.” दर्जा खरोखर उतरला आहे, की माझे वय बोलत आहे? (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्यांतली निकालाची तक्रार सर्वांत जुनी आहे आणि माझ्या मते सर्वांत दुबळीही आहे, म्हणून ती आधी हातावेगळी करतो. २००९ च्या फेब्रुवारीत त्या महाअंतिम फेरीत पोहोचलेली पाच मुले आठवून पाहा. पुण्याची आर्या घरीच आईकडे शास्त्रीय संगीत शिकलेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे नाट्यगीत आणि अभंग तयारीने मांडत असे, तर लातूरचा रोहित राऊत आजच्या चित्रपटगीतांच्या उसळीने गात असे. अलिबागची मुग्धा वैशंपायन पाचांत सर्वांत लहान होती, आणि विजेती ठरलेली आळंदीची कार्तिकी गायकवाड वडिलांकडून आलेले अभंग आणि गौळणी खुल्या, चढ्या आवाजात म्हणत असे. या पाच जणांना एका ओळीत उभे करून पहिला क्रमांक काढणे म्हणजे बासुंदी, थालीपीठ आणि सोलकढी यांच्यात पहिला क्रमांक काढण्यासारखे आहे. परीक्षक तो काढू शकले असते का, याचीही मला शंका आहे. तो काढला प्रेक्षकांच्या एसेमेसांनी.

एसेमेसच्या मतदानात एका माणसाचे एक मत नसते. ज्याला फार आवडले तो वीस संदेश पाठवतो आणि ज्याला नुसतेच आवडले तो चहा पीत निकालाची वाट पाहतो. म्हणून त्या आकड्यात किती लोकांना आवडले हे दिसत नाही, कोणासाठी किती लोक झटले हे दिसते. २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये हे सर्व देशाने पाहिले. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत आल्यावर डोंगरातली दोन्ही गावे मतदानासाठी कामाला लागली आणि अखेर तमांग जिंकला. तेथे एखाद्या तानेपेक्षा आपल्या माणसाला देशाने पाहावे ही ओढ मोठी होती, आणि ती ओढ मला खोटी वाटत नाही. आळंदीच्या मुलीसाठी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून संदेश गेले असतील, तर त्यामागेही घरोघरी लहानपणापासून कानांवर पडलेला अभंग होता. तेव्हा निकाल चुकला असे म्हणायला मी तयार नाही, आणि आपला कान चुकला असेही मी म्हणणार नाही. निकाल एका प्रश्नाचे उत्तर देत होता आणि आपण दुसराच प्रश्न विचारत होता.

दुसरी तक्रार परीक्षकांची. येथे मी आपल्या बाजूचा आहे. त्या पर्वात अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे स्वरांच्या नावांनी गुण देत असत, आणि ‘ध’ मिळाला की ‘नी’ मिळाला यावरून घरोघरी वाद होत. ‘ध’ दिला तर का दिला, हे त्यांना सांगावे लागे. सर्वांना सर्वोत्तम म्हणण्याची प्रथा रुळली आणि परीक्षकाच्या बोलण्यातले गाणेच निघून गेले. २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या किशोरकुमार विशेष भागात पाहुणे म्हणून गेलेले किशोरकुमार यांचे पुत्र अमितकुमार यांनी, आपल्याला सर्वांची स्तुती करण्यास सांगण्यात आले होते, असे नंतर मुलाखतीत सांगितले, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला. मला त्या गदारोळाचेच नवल वाटले, कारण ती गोष्ट पडद्यावर प्रत्येक आठवड्याला उघड दिसत होती. स्पर्धकाचे मन दुखवू नये हे ठीक आहे, परंतु अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत सूर किंचित उतरला एवढे सांगितल्याने कोणाचे मन मोडत नाही. उलट घरी बसलेल्या हजारो श्रोत्यांना सूर उतरणे म्हणजे काय, हे त्या एका वाक्याने कळते.

आता तिसरी, जी आपण अर्ध्या वाक्यात उरकली आहे आणि जिच्यात माझ्या मते आपल्या अस्वस्थतेचे खरे कारण आहे : गाणे संपल्यावर मनात काही उरत नाही. याचा आपल्या वयाशी संबंध नाही. गाणे कापले जाते, म्हणून असे होते. चार-साडेचार मिनिटांचे गाणे दूरदर्शनच्या पडद्यावर दोन-अडीच मिनिटांत बसवावे लागते, कारण उरलेला वेळ चित्रफितीला, टाळ्यांना आणि जाहिरातींना हवा असतो. भावगीताच्या तीन अंतऱ्यांपैकी एक उरतो. कवीने पहिल्या अंतऱ्यात मांडलेले दुसऱ्यात फिरवलेले असते आणि तिसऱ्यात त्याची गाठ मारलेली असते. आपल्या वाट्याला फक्त मांडणी येते. अभंगाचे तर याहून वाईट होते. मागील वर्षी एका स्पर्धेत एका मुलाने तुकोबांचा अभंग उत्तम उचलला, पखवाज भरात आला, मुलाने डोळे मिटले, आणि ‘तुका म्हणे’ येण्यापूर्वीच तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन, गाणे संपले. माझ्या शेजारी बसलेल्या आईने “पुढे?” असे विचारले. ज्या ओळीसाठी अभंग लिहिला गेला ती ओळ आलीच नव्हती आणि समोर सर्व परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

या काटछाटीचा गाणाऱ्यावरही परिणाम होतो. दोन मिनिटांत छाप पाडायची तर हळूहळू रंग भरण्याची चैन परवडत नाही. मग पट्टी एखाद्या स्वराने चढवली जाते, मूळ गाण्यात नसलेली हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, प्रत्येक ओळीच्या शेवटी येते आणि अखेरीस तार सप्तकात एक लांब सूर धरला जातो, कारण टाळी तेथे पडते हे स्पर्धकाला पहिल्या महिन्यातच समजते. संथ, मंद्रातले म्हणजे खालच्या सुरांतले गाणे निवडणारा स्पर्धक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापुढे टिकलेला मी फारच क्वचित पाहिला आहे. मिरजेत तंबोरे तयार होतात, आणि तार लागायला किती वेळ द्यावा लागतो हे त्या गावच्या माणसाला मी सांगायला नको.

आपल्यासाठी एक घरगुती प्रयोग सुचवतो, जो मी स्वतः अधूनमधून करतो. गाणे सुरू झाले की पडद्याकडे पाठ करून बसावे. चेहरे, दिवे, परीक्षकांचे हातवारे आणि आईच्या डोळ्यांतले पाणी एकदम नाहीसे होते आणि उरते ते ऐकावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते : आधी चित्रित केलेल्या भागाच्या ध्वनिमुद्रणावर नंतर हात फिरवण्यास वाव असतो आणि आवाज सुरात बसवणारी सॉफ्टवेअर आज लहानशा स्टुडिओतही असतात, त्यामुळे निव्वळ सुरेलपणावर फार भरवसा ठेवू नये. त्याऐवजी शब्द स्वच्छ येतो का, श्वास शब्द तोडून घेतला की ओळ पुरी करून घेतला, आणि अंतरा संपवून मुखड्यावर येताना गाणारा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद येतो की आदळतो, याकडे लक्ष द्यावे. मुखड्यावरच्या या परतीत कच्चे-पक्के लगेच कळते. सूनबाईंनाही पाठ करून बसवावे; बहुधा आपले मतभेद कमी होतील.

प्रश्न : परीक्षकांच्या डोळ्यांत येणारे पाणी खरे असते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : काही वेळा निश्चितच असते. परंतु ते टिपायला कॅमेरा नेमक्या क्षणी कसा हजर असतो, याचे उत्तर संकलकाच्या टेबलावर मिळते. गाण्याच्या चौथ्या ओळीला पुसलेला डोळा दुसऱ्या ओळीला जोडणे फार सोपे असते.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून गाणे शिकते. एका वाहिनीच्या स्पर्धेच्या चाचणीसाठी तिला न्यावे असे सर्व नातेवाइकांचे म्हणणे आहे. तिच्या बाईंचे मत मात्र नकाराचे आहे. काय करावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आधी कायद्याचे सांगतो, कारण ते पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काळ त्याला राबवता येत नाही. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शाळा बुडू न देण्याची जबाबदारी निर्मात्यावर असते आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावी लागते. मुलगी निवडली गेली, तर करारावर सही करण्यापूर्वी या गोष्टी शब्दाने नव्हे तर कागदावर विचाराव्यात. मानधन व ठेव यांचा प्रश्न काढल्याने तुम्ही पैशाच्या मागे लागलेले पालक ठरत नाही.

चाचणीचे म्हणाल, तर काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीबरोबर मी गेलो होतो. सकाळी सातला एका शाळेच्या पटांगणावर रांगेत उभे राहिलो. मुलांच्या छातीवर पिनेने लावलेले क्रमांक घामाने ओले होत होते, कोणी आई डबा उघडून साबुदाण्याची खिचडी भरवत होती, तर कोणी बाबा मोबाइलवर मूळ गाणे लावून “इथे हरकत घे, इथे” असे शेवटच्या क्षणी बजावत होते. साडेबारा वाजता आमचा क्रमांक आला. मुलीने मुखडा आणि अंतऱ्याची एक ओळ म्हटली, टेबलामागच्या व्यक्तीने हात वर केला आणि “थँक्यू” म्हटले. एकूण चाळीस-पन्नास सेकंद झाले असतील. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, “सर, मी चुकले कुठे?” मला सांगता आले नाही, कारण ती चुकली नव्हती. तेथे बहुधा त्या दिवशी तशा आवाजाच्या चार मुली आधीच घेतल्या गेल्या असाव्यात.

त्यामुळे माझे मत असे : मुलीला स्वतःला जायचे असेल, पाच तास उभे राहून परत येण्याची आणि वाटेत कुल्फी खाऊन तो दिवस विसरण्याची तुमच्या घराची तयारी असेल, तर खुशाल न्यावे. नातेवाइकांना जायचे असेल, तर त्यांनाच रांगेत उभे करावे. तिच्या बाई नाही म्हणतात त्यामागे आणखी एक कारण असू शकेल, ते त्यांना अवश्य विचारा. नवव्या-दहाव्या वर्षी आवाज कोवळा असतो आणि मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या जोराने म्हणायची सवय लागली तर गळ्यावर ताण पडतो. मुलांच्या बाबतीत तर तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास कंठ फुटतो, आणि पडद्यावर गाजलेला आवाज वर्षभरात पार बदलून बसतो. लोक तोच आवाज मागत राहतात आणि मुलाकडे तो नसतो. मुलीच्या बाबतीत हा बदल सौम्य असतो, एवढाच दिलासा.

प्रश्न : स्पर्धेत जिंकणारे पुढे कोठे जातात? मला तर दोन वर्षांत त्यांची नावेही आठवत नाहीत. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : न आठवणारी नावे अधिक आहेत हे खरे. तरीही श्रेया घोषाल आणि बेला शेंडे या दोघी हिंदी ‘सा रे ग म’मध्येच प्रथम सर्वांच्या नजरेत आल्या. विदर्भातून आलेल्या वैशाली माडे यांनी मराठी ‘सा रे ग म प’ जिंकले आणि त्यानंतर २००९ मध्ये हिंदी स्पर्धाही जिंकली. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’मधील ‘पिंगा’ हे गाणे श्रेया आणि वैशाली यांनी मिळून गायिले आहे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या दोन विजेत्या तेथे एका गाण्यात भेटल्या. उलट २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये अरिजित सिंग जिंकला नव्हता, तो अंतिम फेरीपूर्वीच बाहेर पडला होता. त्यानंतर त्याने बरीच वर्षे संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काम केले. रोहित राऊत ‘लिटिल चॅम्प्स’नंतर सुमारे दहा वर्षांनी ‘इंडियन आयडॉल’मध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि २०२० मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. नाव झालेले असताना पुन्हा क्रमांक लावून उभे राहायला काय लागते, हे त्याला विचारावेसे वाटते. पुढच्याच वर्षी ‘लिटिल चॅम्प्स’च्या नव्या पर्वात २००९ च्या महाअंतिम फेरीतले ते पाचही जण परीक्षकांच्या बाजूला बसले होते, आणि मिरजेच्या गुरुजींनी त्यांनाही प्रत्येकाला डोक्यावर घेताना ऐकले असणार.