वारसा-जतनाचं वार्तापत्र संपादित करताना

इंटर्नशिपच्या पहिल्याच अंकापासून सनावळी तपासायची सवय लावून घे. इमारतीवरच्या शिलालेखातलं साल पायाभरणीचं असू शकतं, बांधकाम पूर्ण झाल्याचं किंवा नंतरच्या दुरुस्तीचंही. लेखकाला नेमकं विचार आणि तसंच छाप.

दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांची गल्लत होऊ देऊ नकोस. १९६४ची व्हेनिस सनद, म्हणजे स्मारकांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, स्पष्ट सांगते: जिथे अंदाज सुरू होतो, तिथे पुनःस्थापन (जुनं रूप परत आणणं) थांबलं पाहिजे. त्यामुळे ‘मूळ रूप परत मिळालं’ असं वाक्य आलं की पुरावा माग. जुना नकाशा, छायाचित्र, काहीतरी हवंच. ‘सिमेंटने मजबूत केलं’ हेही तसंच जाऊ देऊ नकोस. चुन्याच्या जुन्या भिंतीत सिमेंटचे सांधे भरले की ओल आत अडकते आणि मऊ वीट-दगड झिजू लागतो. वाचक असलं वाचून घरी तेच करतात, म्हणून इथे कडकच राहा.

फोटो छपाईच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके (पिक्सेल), हवा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो जेमतेम ४ इंच चालतो. फोटोओळीत स्थळ, दिशा, तारीख, छायाचित्रकार. परवानगी लेखी घे. राखण नसलेल्या मूर्तींचा नेमका ठावठिकाणा मात्र छापू नकोस, चोरांचं काम सोपं होतं.